टिकटिक ऐकू आली की आधी नक्कल, मग दुरुस्ती

पावसाळ्यात कौलातून थेंब गळू लागला तर आपण काय करतो? आधी भाताच्या गोणी कोरड्या जागी सरकवतो, मग वर चढून कौलं चाळतो. ऑफिसातला संगणक बिघडला की मात्र आपण नेमकं उलटं करतो. आधी मेकॅनिक बोलावतो आणि तो म्हणतो, "फॉर्मॅट मारू." झालं, गोणी भिजल्या!

२०११ मध्ये संग्राम योजनेतून ग्रामपंचायतींत संगणक आले, २०१६ पासून आपले सरकार सेवा केंद्रं आली. डिजिटल सातबारा सरकारी सर्व्हरवर असतो, त्याची काळजी नको. पण घरपट्टीच्या थकबाकीची यादी, टाइप केलेलं ग्रामसभेचं इतिवृत्त, कामांचे फोटो, सोसायटीचे हिशेब हे बऱ्याचदा त्या एकाच डब्यात असतं. खर्डीत असो की मुरबाडच्या आतल्या गावात, ती डिस्क गेली की वर्षांचं काम गेलं.

हार्ड डिस्कच्या पोटात गुळगुळीत चकत्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे फिरतात. त्यांच्यावर वाचणारी सुई केसापेक्षा कितीतरी कमी अंतरावर तरंगते. ती घासली की नोंद खरवडली जाते. म्हणून आवाजाकडे लक्ष द्या. एरवी न येणारी टक्-टक्, खरखर, किंवा डिस्क फिरायला लागून पुन्हा थांबणं ही वाईट लक्षणं. फाइल उघडायला मिनिटं लागणं, नावं विचित्र दिसणं, संगणक मधेच अडकणं, 'बॅड सेक्टर'चा संदेश येणं हीसुद्धा लक्षणंच. अर्थात संगणक मंद होण्यामागे व्हायरस किंवा सैल वायरही असू शकते. पण खात्री होईपर्यंत डिस्कच आजारी आहे असं धरून चाला.

२००७ मध्ये गूगलच्या अभियंत्यांनी आपल्याकडच्या एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास मांडला. तपासणीत पहिली चूक सापडलेल्या डिस्कला पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याचा धोका ३९ पट होता. आणि बंद पडलेल्यांपैकी ३६ टक्क्यांहून जास्त डिस्कनी आधी कसलाही इशाराच दिला नव्हता!

तेव्हा भाऊसाहेब, टक्-टक् येत असेल तर बटण बंद करा. पुन्हापुन्हा चालू करून पाहू नका, प्रत्येक वेळी ती आणखी घासते. डबी उघडू नका, आपटू नका, फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. धूळ नसलेल्या खोलीत डिस्क उघडणारे तज्ज्ञ असतात. खर्च फार येतो, हमी नसते.

आवाज नसेल, नुसती मंद असेल, तर दुसरं कामच करू नका. नवा पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावा आणि सगळ्यात मोलाच्या फाइली आधी काढा. थकबाकीची यादी, हिशेब, इतिवृत्त. गाणी आणि लग्नाचे व्हिडिओ मागून. अनेकजण सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर नक्कल करतात आणि निश्चिंत होतात. अहो, दोन्ही बहुधा एकाच डिस्कचे कप्पे! एकच कोठार, मधे फक्त कूड. नक्कल झाली की ती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. चेकडिस्क किंवा डिफ्रॅग हे त्यानंतर. आजारी डिस्कवर आधीच चालवलं तर तिचं उरलंसुरलं बळही जातं.

'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा फुकट प्रोग्रॅम डिस्कची प्रकृती दाखवतो. 'कॉशन' दिसलं की बदला. नव्या संगणकांत एसएसडी असते, तिच्यात फिरणारं काही नाही, त्यामुळे ती आवाज न करताच जाते. तिथे कानावर विसंबून चालणार नाही.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज जाते-येते. डिस्क लिहीत असताना प्रवाह तुटला तर फाइली खराब होतात, म्हणून यूपीएस हवा. त्याची बॅटरी कधी बदलली ते विचारा, बहुतेकांना आठवतच नाही. दर शुक्रवारी नक्कल घ्या. एक ऑफिसच्या कपाटात कुलपात, एक दुसऱ्या इमारतीत. कारण एकाच टेबलावर ठेवलेल्या दोन्ही प्रती विजेच्या एका तडाख्यात जातात.

आणि जुनी डिस्क भंगारवाल्याला देऊ नका. तिच्यात गावकऱ्यांचे आधार क्रमांक असतात. ड्रिलने चकत्यांतून आरपार भोकं पाडा, मगच द्या.