वंशावळ शोधताना: सहा गैरसमज

जातपडताळणी असो की वारसनोंद, 'वंशावळ जोडा' म्हटलं की घरात आधी मूळ पुरुषाची शोधाशोध सुरू होते. खरं तर सुरुवात आपल्यापासून करायची आणि एकेक पिढी कागदाने पक्की करत वर जायचं. नवख्यांना अडवणारे काही समज आधी दूर करू.

गैरसमज: आडनाव एक, म्हणजे कूळ एक.
वस्तुस्थिती: पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही मुळात वतनाची, हुद्द्याची नावं. दोन गावांचे पाटील एकमेकांचे कोणी लागतीलच असं नाही. परगणा आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्याने गेली, मुलकी पाटीलकी १९६२ च्या. आडनावं तेवढी राहिली. उलट गाव सोडलेला भाऊ गावाच्या नावावरून 'कर' झाला आणि मागे राहिलेला कुलकर्णीच राहिला, असंही घडलं आहे. मूळ गाव, कुलदैवत, देवक जुळलं तर धागा मिळतो, पण तेवढ्याने नातं सिद्ध होत नाही.

गैरसमज: वंशावळ फक्त सरदार-इनामदारांची सापडते.
वस्तुस्थिती: गावच्या जन्म-मृत्यूची नोंद कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये होत असे, तिथे साऱ्या गावाची नावं आहेत. महार वतनं १९५८ च्या कायद्याने संपली, पण त्या जमिनींच्या कागदांत वारसांची नावं सापडतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी समाजाचे लोक शेतकरी घराण्यांच्या पिढ्या सांगत दारोदार फिरत आले. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत येऊन गेलेल्या यजमानांची नावं-गावं असतात.

गैरसमज: सातबाऱ्यावर नाव नाही, म्हणजे तो भाऊ नव्हताच.
वस्तुस्थिती: जुन्या सातबाऱ्यावर पुष्कळदा थोरल्या भावाचंच नाव असतं आणि त्यापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांत झाकलेले असतात. हस्तलिखित उताऱ्यावर वर्तुळात दिसणारे आकडे हे फेरफार क्रमांक. तो फेरफार काढला की 'अमुक मयत, वारस अमुक' अशी नोंद हाती लागू शकते. वंशावळीची खरी कडी तिथे असते.

गैरसमज: शाळेच्या दाखल्यावरची जन्मतारीख पक्की.
वस्तुस्थिती: एका पिढीतल्या कितीतरी जणांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच ती तारीख टाकली. म्हणून ती जन्मनोंदीशी ताडून पाहा. जुन्या कागदावर शक असेल तर इसवी सन काढण्यासाठी त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन अखेरपर्यंतची तिथी असेल तर ७९. साल जुळवणं चुकवू नका, कारण आजोबाचं नाव नातवाला ठेवण्याच्या रीतीमुळे विष्णू रामचंद्र, रामचंद्र विष्णू, पुन्हा विष्णू रामचंद्र अशी रांग लागते आणि दोन माणसं सहज एक होऊन बसतात.

गैरसमज: बायकांची माहिती मिळतच नाही.
वस्तुस्थिती: लग्नात नाव बदलण्याच्या प्रथेमुळे एकाच बाईची दोन नावं दोन गावांत विखुरतात. पणजीचं सासरचं नाव कळलं की तिच्या माहेरचं गाव विचारा आणि तिथल्या घरात शोध घ्या. ज्या घरांत पार्वण श्राद्ध होतं, तिथे आई, आजी, पणजी यांची आणि आईच्या वडील-आजोबांचीही नावं उच्चारली जातात. घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ती आजच लिहून घ्या.

गैरसमज: सगळं ऑनलाइन मिळतं, नाहीतर मोडी आल्याशिवाय काही होत नाही.
वस्तुस्थिती: सरकारच्या 'आपले अभिलेख' संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार आहेत. बाकीच्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा लागतो. मोडीची गरज पुढे पडते, आणि तेव्हा मोडी वाचून देणारे जाणकार भेटतात. मराठवाड्यात मात्र निजामकाळातले कागद उर्दूतही असतात, हे लक्षात ठेवा.

वहीत प्रत्येक नावापुढे कागदाचा प्रकार, क्रमांक आणि कुठे पाहिला ते लिहा. कागद नसेल तर सांगणाऱ्याचं नाव आणि 'ऐकीव' असा शेरा घाला. पुढे दोन नोंदी आपसात भांडू लागल्या की कोणती धरायची ते या शेऱ्यांवरूनच ठरवता येतं.