रंगूनच्या बाजारातली भाषा

मराठी घरात ब्रह्मदेशाचे नाव निघाले की दोन गोष्टी हमखास आठवतात. एक, लोकमान्यांचा मंडालेचा तुरुंगवास. दुसरी, रत्नागिरीत तीस वर्षे नजरकैदेत काढून तिथेच वारलेला थिबा राजा. टिळक मंडालेला पोचण्याच्या ८४ वर्षे आधी, १८२४ मध्ये, त्याच परिसरात एक अमेरिकन मिशनरी बेड्या घालून डांबला गेला होता आणि त्याची बायको त्याला जेवण पोचवण्यासाठी रोज पायपीट करत होती. ॲडोनिराम आणि ॲन जडसन ही ती दोघे.

फेब्रुवारी १८१२ मध्ये लग्न झाले आणि दोन आठवड्यांत दोघांनी अमेरिकेचा किनारा सोडला. त्यांच्याच तुकडीतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट पुढच्या वर्षी मुंबईत उतरले. शाळा आणि छपाईच्या इतिहासात ज्या अमेरिकन मराठी मिशनचा उल्लेख वारंवार येतो, त्याचा आरंभ तिथला. जडसन दांपत्याला मात्र कंपनी सरकारने कलकत्त्यात थारा दिला नाही. हाती लागले ते जहाज पकडून १३ जुलै १८१३ रोजी ती दोघे रंगूनला पोचली. वाटेत ॲनला मृत मूल झाले होते. उतरली तेव्हा ती इतकी अशक्त होती की तिला उचलून किनाऱ्यावर न्यावे लागले.

राहायला शहराच्या तटाबाहेर एक लाकडी घर मिळाले. जेवणात ना पाव, ना लोणी, ना चीज, ना बटाटे. भात, कोंबडीचा रस्सा आणि कधी काकडी घालून शिजवलेली कोंबडी. आपल्याला यात तक्रारीजोगे काही दिसणार नाही, पण पावावर वाढलेल्या माणसाला रोजचा भात म्हणजे काय, हे परदेशी गेलेल्या आपल्याकडच्या सुनांनी उलट्या बाजूने अनुभवलेले आहेच.

खरा प्रश्न भाषेचा होता. ब्रह्मी शिकायला इंग्रजीतून ना धड कोश, ना व्याकरण. ताडपत्रावर अक्षरे एकाला एक लागून लिहिलेली. शब्द कुठे संपतो तेच कळेना. जो गुरुजी मिळाला त्याला इंग्रजीचा गंध नाही. वस्तूकडे बोट दाखवायचे आणि तो काय म्हणतो ते ऐकायचे. बाईला काय शिकवायचे, म्हणून आधी त्याने ॲनकडे लक्षच दिले नाही. मग नवऱ्याचा आग्रह पाहून तयार झाला.

घराची वाटणी आपल्याकडच्यासारखीच. नवरा दिवसभर गुरुजींपुढे मांडी ठोकून बसलेला. स्वयंपाकी, नोकर, बाजारहाट आणि दारी येणारे लोक यांच्याशी गाठ ॲनची. थोड्याच दिवसांत गंमत झाली. भाषेची घडण नवऱ्याला जास्त कळे, पण बोलता आणि समजता बायकोला जास्त येई. हे तिने स्वतःच घरच्या पत्रात लिहिले आहे. दर क्षणाला बोलावेच लागते, मग येईल नाही तर काय! पुढे रंगूनमधल्या सयामी लोकांकडून ती त्यांचीही भाषा शिकली.

डिसेंबर १८१३ मध्ये ती रंगूनच्या सुभेदाराच्या बायकोला भेटायला गेली. तिथल्या बायकांनी तिची टोपी नि हातमोजे स्वतः घालून पाहिले. सुभेदारीणबाई चांदीची लांब नळी ओढत आल्या आणि त्यांनी विचारले, तू नवऱ्याची पहिलीच बायको का? ॲनला त्या भेटीतून धर्मप्रसार साधायचा नव्हता. उद्या काही संकट आले आणि नवऱ्याला दरबारात कोणी उभे केले नाही, तर आपल्याला आत जायला एक दार असावे, एवढाच तिचा हिशेब होता. नवखी बाई किती दूरचे पाहत होती!

पहिला माणूस त्यांच्या धर्मात यायला सहा वर्षे लागली. धर्मांतराच्या या खटाटोपाबद्दल आपली मते काहीही असोत, त्यांनी सोसले ते खोटे नव्हते. सप्टेंबर १८१५ मध्ये झालेला मुलगा आठ महिन्यांत गेला.

मग १८२४ मध्ये इंग्रज आणि ब्रह्मदेश यांचे युद्ध पेटले. गोरा तेवढा हेर! ८ जून रोजी राजधानी आवा येथे जडसनला धरून नेले. रात्री कैद्यांचे बेड्या घातलेले पाय बांबूला अडकवून वर ओढत. खांदे तेवढे जमिनीला टेकत. जेवण सरकारातून नाही, ज्याचे त्याने घरून आणायचे. ॲनने ब्रह्मी पोशाख अंगावर चढवला आणि अधिकाऱ्यांचे उंबरे झिजवायला सुरुवात केली. नगराच्या अधिकाऱ्याला तिच्याकडून अमेरिकेच्या चालीरीती ऐकायला आवडे. एखाद्या दिवशी ती आली नाही तर तो खट्टू होई. गोऱ्या कैद्यांना गुपचूप संपवावे असा निरोप त्याला वरून तीनदा आला आणि तीनही वेळा त्याने तो मानला नाही. गप्पा मारता येणे ही किती मोठी गोष्ट असते!

एकदा तिने म्हशीचे मांस आणि केळी घालून, माहेरी अमेरिकेत करत तसा गोड खिमा-पाय बनवला. माझ्या मते या साऱ्या कथेतला हाच सर्वांत कठीण प्रसंग. छळ सोसणारा नवरा घरचा तो पदार्थ पाहून गुडघ्यांत डोके घालून रडला, आणि खाल्लाच नाही. शेजारच्या कैद्याला दिला. बायबलच्या भाषांतराची हस्तलिखिते तिने एका कडक उशीत शिवून तुरुंगात पाठवली होती. तसली उशी चोरायचा मोह कोणाला होणार?

जानेवारी १८२५ मध्ये मारिया जन्मली. मे महिन्यात कैद्यांना दूरच्या खेड्यात हलवले, तेव्हा तान्ही पोर घेऊन ॲन मागोमाग गेली. देवी निघाल्या, तेव्हा तिने तुरुंगाधिकाऱ्याच्या मुलांनाही टोचले. ती वाचलेली पाहून गावातली इतर मुलेही तिच्याकडे आली. मग ती स्वतःच अंथरुणाला खिळली. अंगावर दूध राहिले नाही. पहारेकऱ्यांना लाच देऊन जडसन बेड्यांसकट पोरीला घेऊन घरोघर फिरे आणि लेकुरवाळ्या बायकांकडे दूध मागे. त्या पाजत.

युद्ध संपले. फेब्रुवारी १८२६ मध्ये यांदाबोला तह झाला. इंग्रज सेनापतीच्या मेजवानीत ॲन मानाच्या जागी बसली होती, आणि समोरचा एक ब्रह्मी वकील थरथरत होता. कैदेच्या काळात ती त्याच्याकडे दाद मागायला गेली होती, तेव्हा त्याने तिची छत्री हिसकावून घेतली होती. निदान कागदी तरी द्या म्हणाली, तर सडपातळ माणसाला ऊन लागत नाही म्हणून हसला होता. इंग्रज अधिकारी संतापले. ॲन त्याला ब्रह्मीतच म्हणाली, घाबरू नका, तुम्हाला काही होणार नाही.

२४ ऑक्टोबर १८२६ रोजी आम्हर्स्ट गावी ती तापाने वारली. वय ३६. नवरा दुभाष्या म्हणून दूर आवाला गेलेला. उशाशी होते ते ब्रह्मी शेजारी. तिचा अखेरचा उद्गार ब्रह्मी भाषेतला होता. मारिया पुढच्या एप्रिलमध्ये गेली.