मैदान नव्हे, रविवार मागा

रायपुरात तात्यापारा किंवा चौबे कॉलनीतल्या मंडळींनी क्रिकेटची लीग भरवायची म्हटलं, की आधी संघांची नावं ठरतात, मग टी-शर्टांचे रंग, मग करंडक. मैदानाचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. खरं तर मैदान आणि तारखा हाती येईपर्यंत संघ किती घ्यायचे हेसुद्धा ठरवता येत नाही.

गणित करून पाहा. आठ संघ, प्रत्येकाने प्रत्येकाशी एकदा खेळायचं, म्हणजे २८ सामने. वीस षटकांचा सामना सव्वातीन तास घेतो. डिसेंबरात रायपुरात साडेपाचच्या आत सूर्य मावळतो, म्हणजे एका मैदानावर दिवसाला दोनच सामने नीट होतात. हे झाले चौदा रविवार. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत रविवार असतात जेमतेम पंधरा. दहा संघ घेतले तर सामने ४५ होतात आणि सगळा डाव कोसळतो. त्यापेक्षा पाच-पाच संघांचे दोन गट करावेत. साखळीचे वीस सामने, दोन उपांत्य, एक अंतिम असे तेवीस सामने बारा रविवारांत बसतात आणि तीन रविवार हातात उरतात. ते तीन लागतातच.

पंधराच रविवार का? जून ते सप्टेंबर पाऊस. कन्हारी काळ्या मातीच्या मैदानात बूट रुततात. मुरमाड भाटा जमिनीवर पाणी लवकर निचरतं, पण तिथे झेल घ्यायला सूर मारला की कोपरं सोलून निघतात. मार्चमध्ये परीक्षा, शाळांची मैदानं बंद. एप्रिल-मेमध्ये सकाळी नऊनंतर उन्हात उभं राहवत नाही.

आता मैदान कोणाचं, ते शोधा. हा टप्पा कंटाळवाणा आहे, पण अर्ज भलत्याच टेबलावर गेला की महिना वाया जातो. सुभाष स्टेडियम नगर निगमचं, म्हणजे महापालिकेचं. बूढापाऱ्यातलं सप्रे शाळेचं मैदान शाळेचं, तेव्हा आधी प्राचार्य आणि मग शिक्षण विभाग. (ज्यांच्या नावाची ही शाळा, ते माधवराव सप्रे आपलेच, मराठी. पण त्यामुळे मैदान लवकर मिळत नाही.) जयस्तंभ चौकाजवळचं गास मेमोरियल मिशनकडे, डब्ल्यूआरएस कॉलनीतलं रेल्वेकडे. वस्तीतली मोकळी जागा नजूलची, म्हणजे सरकारी असेल तर वाट जिल्हाधिकारी कार्यालयाकडे जाते. फलकावर लिहिलेल्या नावावर जाऊ नका. चौकीदाराला विचारा की भाड्याची पावती कोण फाडतं.

तुमचा खरा प्रतिस्पर्धी दुसरा क्लब नसतो. रावणभाठा आणि डब्ल्यूआरएसच्या मैदानांवर दसऱ्याला रावण उभा राहतो. गुढियारीच्या मैदानाचं नावच दहीहंडी मैदान, आणि तिथे कथावाचनाला लाखोंची गर्दी जमली आहे. शंकरनगरच्या बीटीआय मैदानावर मेळे आणि प्रदर्शनं भरतात. सायन्स कॉलेजच्या मैदानावर अनेक वर्षं १ नोव्हेंबरचा राज्योत्सव झाला. दर पाच वर्षांनी नोव्हेंबरातच विधानसभेची निवडणूक येते. २०१८ आणि २०२३ मध्ये तसंच झालं. त्या वर्षी सभांसाठी मैदानं जातात हे धरूनच चाला.

आणि इथेच मुख्य अडचण आहे. कार्यालयांना 'आयोजन' कळतं. अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत मंडप, इतकं भाडं, इतकी अनामत. दर रविवारी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, बारा आठवडे, ही मागणी त्या चौकटीत बसत नाही. बाबू मग एक तर बारा वेगळे अर्ज मागतो, नाहीतर सलग तीन महिन्यांचं भाडं लावतो. म्हणून 'लीगसाठी मैदान मिळावं' असं मोघम लिहू नका. एकाच अर्जाला सर्व तारखांचा तक्ता जोडा, प्रत्येक तारखेपुढे वेळ लिहा, शेवटी तीन राखीव तारखा. बाकीचे सहा दिवस मैदान सर्वांना खुलं राहील, हे वाक्य ठळक लिहा. अर्ज हिंदीत, नोंदणीकृत संस्थेच्या लेटरहेडवर, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का. निगममध्ये दहा झोन आहेत. आपला झोन कोणता ते आधी पक्कं करा.

मुंबईने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला. आझाद मैदानावर बावीस खेळपट्ट्या. त्या त्या क्लबने आपली खेळपट्टी आणि माळी सांभाळायचा. १९४८ पासून चालणारी डॉ. कांगा लीग पावसाळ्यातच खेळली जात आली, आणि अशा चिखलात दुसरं कोण मैदान मागणार! शिवाजी पार्कवर खेळाखेरीज इतर कार्यक्रमांना वर्षाकाठी ४५ दिवसांची मर्यादा आहे. माझ्या मते रायपूरला बावीस खेळपट्ट्यांपेक्षा असल्या मर्यादेची गरज जास्त आहे.

परवानगी हातात आली तरी लाउडस्पीकरची वेगळी घ्यावी लागते. मध्य प्रदेशाच्या काळातला १९८५ चा कोलाहल नियंत्रण कायदा इथे आजही चालतो. शिवाय शाळा, रुग्णालय किंवा न्यायालयापासून शंभर मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असू शकतं. समालोचनाची हौस असणाऱ्यांनी हे आधीच पाहावं. पोलीस ठाण्यात तारखांचा तक्ता देऊन ठेवावा.

पहिल्या सामन्याच्या आठवडाभर आधी मैदान पायी फिरा. मंडपवाले खांबांचे खड्डे तसेच सोडतात, खिळे आणि काचाही. तारीख दिसेल असे फोटो काढा आणि त्याच दिवशी कार्यालयात द्या. नाहीतर दसऱ्याच्या खड्ड्यांचे पैसे तुमच्या अनामतीतून जातात. सीमारेषा आखताना टेप लावा. आंतरराष्ट्रीय नियमाची किमान ६५ यार्डांची सीमा शाळेच्या मैदानात सगळ्या बाजूंनी मिळणं कठीण. एक बाजू आखूड असेल तर ते कर्णधारांना लेखी सांगा, भांडण तिथूनच सुरू होतं. एवढी जागाच नसेल तर कबड्डीचा विचार करा. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटरचं, कोपऱ्यात मावतं, आणि कार्यालयही फारशी कुरकुर करत नाही.

अंतिम सामन्यानंतर अनामत परत मागायला जाल, तेव्हा पुढच्या नोव्हेंबरच्या तारखांचा अर्ज सोबतच न्या. फेब्रुवारीत त्या टेबलावर गर्दी नसते.