दिसणारी मेख

वर्धा शहर कोठे संपले आणि बोरगाव मेघे कोठे सुरू झाले हे रस्त्याने जाणाऱ्याला आता सहसा कळत नाही, इतक्या या दोन्ही वस्त्या एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. तथापि घरांच्या शेवटच्या ओळीपलीकडे वावरे अजून आहेत, आणि त्यांपैकीच एका परिचितांच्या वावरात, पऱ्हाटी उपटून झाल्यावर, हिमालयातल्या पदभ्रमणासाठी घेतलेला नवा तंबू एकदा ठोकून पाहावा या हेतूने मी एक रात्र काढली. सकाळी तंबूची घडी चालू असताना शेतमालक धुऱ्यावरून आले. तंबूचे कापड, त्याच्या घडीच्या काठ्या, त्याचे वजन, यांपैकी कशाचीच चौकशी न करता त्यांनी एवढेच विचारले, “खुंट्या मोजून घेतल्या न जी साऱ्या? एखादी राह्यली त बैलाच्या खुरात जाईन.”

मी मोजल्या. सात भरल्या. टायटॅनियमची आठवी खुंटी, जी मी तिच्या हलकेपणासाठी आणि न गंजण्याच्या गुणासाठी मुद्दाम निवडून घेतली होती, ती राखी रंगाच्या ढेकळांत आपल्या राखी रंगानिशी कोठे तरी पडली होती, आणि ती हाती लागेपर्यंत आम्ही दोघे जवळजवळ तासभर ओणवे होऊन माती चाचपत होतो. पोलादी खिळा हरवला असता तर लोहचुंबक फिरवून सापडण्याची आशा होती. टायटॅनियमला लोहचुंबक धरत नाही. पोलादी खिळा न सापडता तरी काही वर्षांत गंजून त्याचे टोक बोथट झाले असते. टायटॅनियम मातीत पिढ्यान्‌पिढ्या जसेच्या तसे राहते. ज्या गुणांसाठी आपण या धातूला पैसे मोजतो, तेच गुण खुंटी हरवताक्षणी दुसऱ्याच्या वावरात अपायकारक ठरतात, ही गोष्ट त्या सकाळी माझ्या मनावर ठसली.

तंबूच्या खुंटीला आपल्याकडे जुना शब्द ‘मेख’. तो फारसीतून आला आणि येताना एकटा आला नाही. तंबू, कनात, शामियाना असा सारा सरंजाम त्याच्याबरोबर होता. शिवकालीन राज्यव्यवस्थेतील अठरा कारखान्यांत हा सरंजाम सांभाळणाऱ्या फरासखान्याची गणना होते, आणि पुण्यात त्या नावाची खूण पोलीस ठाण्याच्या रूपाने आजही शिल्लक आहे. पुढे इंग्रजी अमलात, १८६२ मध्ये नागपूरपासून निराळा काढलेला वर्धा जिल्हा स्थिरस्थावर होऊन १८६६ मध्ये पालकवाडी या खेड्याच्या जागी जिल्ह्याचे ठाणे वसविले गेले, तेव्हाही हिवाळी फिरतीवर निघालेल्या अंमलदारांचे दफ्तर तंबूतच चाले. त्या तंबूंच्या मेखा लाकडी आणि मनगटाएवढ्या जाड असत. त्यांचे ओझे बैलगाडी वाही आणि त्या ठोकायला मोगरीसह स्वतंत्र माणसे असत. आजही आमच्याकडच्या बिछायत केंद्राची मंडळी लग्नाचा मंडप उभारताना लोखंडी सळाख घनाने ठोकतात आणि उपटताना सब्बल लावतात; तिचे वजन किती हा प्रश्न त्यांच्या मनात येत नाही, कारण ती टेम्पोतून येते. वजनाचा हिशेब सुरू होतो तो मेख माणसाच्या पाठीवर आल्यापासून.

हा हिशेब नीट मांडून पाहण्याजोगा आहे. वीस सेंटिमीटर लांबीची आणि तीन मिलिमीटर जाडीची गोल तार घेतली, तर तिचे घनफळ सुमारे १.४ घन सेंटिमीटर होते. दर घन सेंटिमीटरला टायटॅनियमचे वजन ४.५ ग्रॅम, पोलादाचे ७.८५ आणि ॲल्युमिनियमचे २.७ ग्रॅम, तेव्हा ती तार टायटॅनियमची असल्यास सुमारे साडेसहा ग्रॅम, पोलादाची असल्यास अकरा आणि ॲल्युमिनियमची असल्यास चारहून थोडी कमी भरेल. मात्र स्वस्त तंबूबरोबर येणाऱ्या पोलादी खुंटीची तार बहुधा चार मिलिमीटरची असते, आणि तिचे वजन वीस ग्रॅमच्या घरात जाते. आठ खुंट्यांमागे बचत झाली ती सुमारे शंभर ग्रॅमची, म्हणजे अर्धा पेला पाण्याएवढी. पंधरा दिवस पाठीवर घर घेऊन चालणाऱ्याला अशाच दहा ठिकाणच्या बचतीतून किलोभराची सुटका मिळते. परंतु जो मोटारसायकलने मुक्कामाच्या जागेपर्यंत पोहोचणार आहे त्याने या धातूसाठी अनेकपट किंमत मोजावी असे मला प्रामाणिकपणे वाटत नाही.

ॲल्युमिनियम याहूनही हलके असताना त्याचीच तार का वापरू नये, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर धातूच्या ताठपणात आहे. पोलादाचा ताठपणा दोनशे धरला तर टायटॅनियमचा सुमारे एकशे दहा आणि ॲल्युमिनियमचा अवघा सत्तर. त्यामुळे ॲल्युमिनियमची बारीक तार कठीण जमिनीत पहिल्याच दाबाला वाकते, आणि म्हणूनच त्या धातूची खुंटी तीन पाखांची किंवा पन्हळीच्या आकाराची बनवावी लागते, जिचे वजन मग बारा ते पंधरा ग्रॅमपर्यंत चढते. टायटॅनियमची तारही वाकते, पण बऱ्याच अंशी स्प्रिंगसारखी पूर्ववत होते. सहा टक्के ॲल्युमिनियम आणि चार टक्के व्हॅनेडियम घातलेल्या मिश्रधातूची असेल तर हा गुण विशेषच दिसतो.

परंतु धातूपेक्षाही आधी विचार करावा तो जमिनीचा, आणि या बाबतीत वर्धेसारखी शिकवणारी जागा दुसरी क्वचितच सापडेल. आमची काळी कसदार माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाने आक्रसून अशी भेगाळते की त्या भेगांत सबंध खुंटी पडून दिसेनाशी व्हावी. पावसाळ्यात या मातीत बारीक तारेची मेख रोवली, तर वाऱ्याच्या पहिल्या झोताबरोबर ती चिखलातल्या काडीप्रमाणे सरकत निघून येते, कारण मातीला धरायला तिच्या अंगावर रुंदीच नसते. तेथे पाखांची रुंद खुंटीच हवी, मग ती काही ग्रॅमने जड का असेना. उलट बरड जमिनीत, जेथे वीतभर मातीखाली मुरूम लागतो, तेथे रुंद खुंटी दगडावर अडून बसते आणि बारीक तार मात्र दोन खड्यांमधली फट शोधत खाली उतरते. सह्याद्रीच्या कातळावर दोहोंचाही उपयोग नाही. तेथे तणावा मोठ्या धोंड्यालाच गुंडाळावा लागतो. म्हणून मी आता चार बारीक आणि चार रुंद अशी मिश्र जुळणी ठेवतो, वाऱ्याच्या बाजूला रुंद खुंट्या लावतो, आणि प्रत्येक खुंटीचे डोके तंबूपासून बाहेर कलते ठेवतो, जेणेकरून तणावा तिला जवळजवळ काटकोनात ओढील. बारीक खुंटीच्या आकड्यावर दगडाने घाव घालू नये. तळहाताच्या दाबाने जाईल तेवढी जाऊ द्यावी, आणि अडली तर बोटभर जागा बदलावी.

टायटॅनियम दुर्मीळ आहे म्हणून महाग आहे, अशी पुष्कळांची समजूत असते, ती बरोबर नाही. इंग्लंडच्या कॉर्नवॉल प्रांतात १७९१ मध्ये विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला काळ्या वाळूत ते प्रथम आढळले आणि १७९५ मध्ये क्लापरोट या जर्मन रसायनज्ञाने ग्रीक पुराणातल्या टायटनांवरून त्याचे नामकरण केले. तशीच काळी, इल्मेनाइटयुक्त वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे आणि केरळात तर विपुल आहे. अडचण आहे ती खनिजातून धातू मोकळा करण्याची. तप्त असताना हा धातू हवेतील प्राणवायू आणि नत्रवायू दोन्ही शोषून ठिसूळ होतो. त्यामुळे प्रथम त्याचे क्लोराइड बनवून मग हवाबंद पात्रात मॅग्नेशियमच्या योगाने ते फोडावे लागते. विल्हेल्म क्रोल याची ही पद्धत १९४० च्या सुमारास पुढे आली, आणि केरळातील चवरा येथे २०११ मध्ये सुरू झालेला, अवकाश संशोधनाची गरज भागवणारा कारखाना याच रासायनिक मार्गाने सच्छिद्र टायटॅनियम तयार करतो.

महाग वस्तूची नक्कल होतेच. तेव्हा खातरजमा करण्याची एक तजवीज सांगून ठेवतो. लोहचुंबक न चिकटणे एवढा पुरावा पुरेसा नाही, कारण ॲल्युमिनियमलाही तो चिकटत नाही आणि काही प्रकारच्या स्टेनलेस पोलादालाही नाही. सोनाराच्या काट्यावर खुंटी आधी हवेत आणि मग दोऱ्याने टांगून पाण्यात बुडवून तोलावी: हवेत ६.४ ग्रॅम भरलेली खुंटी पाण्यात पाच ग्रॅम भरली, तर ती टायटॅनियमची आहे. जाळी-दरवाजे करणाऱ्याच्या ग्राइंडरवर तिचे टोक क्षणभर टेकविले तर लखलखीत पांढऱ्या ठिणग्या उडतात. पोलादाच्या ठिणग्या पिवळसर नारिंगी असतात.

आता मुख्य प्रश्न, तो खुंटी दिसावी कशी याचा. धातू तापवला असता त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा अतिसूक्ष्म पापुद्रा धरतो आणि त्यातून परावर्तित होणाऱ्या किरणांमुळे सोनेरी, जांभळी, निळी अशी मोहक छटा उमटते. पण ही निळी खुंटी गवताच्या सावलीत राखी खुंटीइतकीच लोपते, हे मी पाहिले आहे. लाल चिंधी बांधावी हा आपल्याकडचा शिरस्ता, मालमोटारीबाहेर आलेल्या सळयांना आपण तीच बांधतो. परंतु दिवस कलू लागला की लाल रंग इतर रंगांच्या आधी काळवंडतो. पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये हे नोंदविले: मंद प्रकाशात आपली दृष्टी निळ्या-हिरव्याकडे झुकते आणि तांबडा तिला जवळजवळ दिसेनासा होतो. आणि तंबूच्या मेखा बहुधा तिन्हीसांजेला ठोकल्या जातात व पहाटेच्या अंधुक उजेडात उपटल्या जातात. शिवाय ज्यांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही असे पुरुष काही थोडे नाहीत.

म्हणून मी चकाकता नारिंगी रंग निवडला. टायटॅनियमच्या गुळगुळीत अंगावर रंग टिकत नाही. त्यासाठी वरचा चार बोटे भाग पॉलिश-कागदाने खरखरीत करावा, स्पिरिटने पुसावा, धातूला धरणारा प्रायमर द्यावा, त्यावर पांढरा हात आणि मग नारिंगी. पांढऱ्याशिवाय हा रंग निस्तेज दिसतो, आणि उन्हाने तो विटतोही, म्हणून वर्षाआड पुन्हा द्यावा लागतो. मातीत जाणारा भाग रंगवण्यात श्रम घालवू नयेत. दोन मुक्कामांत तो खरवडून जातो.

रात्रीसाठी मात्र रंगाचा उपयोग नाही. तेथे गाड्यांच्या पाट्या करणाऱ्या दुकानातले ‘रेडियम’ कामी येते. १८९८ मध्ये क्युरी दांपत्याने शोधलेल्या मूलद्रव्याचा या पट्टीशी नावापलीकडे काहीही संबंध नाही. तिच्यात काचेचे सूक्ष्म मणी किंवा कोरीव पैलू असतात, आणि ते आलेला प्रकाश इतरत्र न विखुरता आल्या वाटेने परत धाडतात, त्यामुळे ज्याच्या कपाळावर बॅटरी आहे त्याच्याच डोळ्यांत ती उजळते. कापसाच्या ट्रॉलीमागे लावलेल्या पट्ट्या रस्त्यावरून जशा दिसतात, तशीच ही दिसते. हीच चमक विणलेली दोरी मिळते; तिचा वीतभर फास प्रत्येक आकड्यात ओवून ठेवला, तर खुंटी दिसते आणि उपटताना बोटालाही आधार होतो.

गेल्या फाल्गुनात सेलूकडच्या एका माळावर मी पळसाखाली मुक्काम केला. पहाटे उठून पाहतो तो रात्रभर गळलेल्या फुलांचा नारिंगी सडा तंबूभोवती पसरलेला, आणि माझ्या रंगवलेल्या मेखा त्या सड्यात पार मिसळून गेलेल्या. कपाळावरची बॅटरी लावून मी जमिनीलगत मान फिरवली, तेव्हा दोऱ्यांचे फास एकामागून एक पांढरे चमकले. ते मी मोजले, आठ होते.