बाल्कनी आपली, धूळ खालच्यांची

चंद्रपुरात तुकूम, दुर्गापूर किंवा ऊर्जानगर भागातल्या एखाद्या इमारतीत सकाळी बाल्कनीच्या फरशीवरून पांढरे ओले फडके एकदा फिरवून पाहावे. फरशी आदल्या संध्याकाळी पुसलेली असली तरी फडके काळपट करडे होते. दोरीवर वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांची गत इथल्या गृहिणींना सांगायला नको. बाल्कनी रोज साफ करावी लागते, त्यात नवे काही नाही. प्रश्न एवढाच, की साफ केलेली धूळ जाते कुठे? बहुतेक वेळा ती कुठेच जात नाही. खराट्याने झाडली की हवेत उडते आणि शेजारच्या बाल्कनीत उतरते. पाण्याने ढकलली की खालच्या मजल्यावरच्या वाळणाऱ्या चादरीवर पडते. आणि मग इमारतीत भांडण होते.

ही धूळ साध्या मातीची असती तर गोष्ट वेगळी. चंद्रपूरच्या महाऔष्णिक विद्युत केंद्राची क्षमता आज २,९२० मेगावॉट आहे. भारतीय दगडी कोळशात राखेचे प्रमाण साधारण ३० ते ४५ टक्के असते, म्हणजे जाळलेल्या दर तीन टनांमागे टनभर राख उरते. चिमणीतून निघणाऱ्या राखेतला बहुतांश भाग यंत्रणा पकडते, पण साठवलेली राख उन्हाळ्यात वाळून वाऱ्यावर उडते, वाहतुकीत सांडते. त्यात कोळशाच्या खाणी, कोळशाचे ट्रक आणि घुग्घुस, गडचांदूरकडचे सिमेंट कारखाने आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा प्रदूषण निर्देशांक काढला, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. गडचिरोली जिल्ह्यात सुरजागडचे लोहखनिज वाहणाऱ्या रस्त्यांच्या कडेला हीच धूळ तांबडी होते. रंग वेगळा, फरशीवरचा प्रश्न तोच.

राखेचा कण सूक्ष्मदर्शकाखाली काचेच्या बारीक गोटीसारखा दिसतो. त्यात मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असते. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा लहान कण श्वासावाटे घशाच्या खाली उतरू शकतात आणि अडीच मायक्रॉनपेक्षा लहान कण फुप्फुसाच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. झाडूचा संबंध इथे येतो. हवा अगदी स्थिर असेल, तर माणसाच्या नाकाच्या उंचीवरून १० मायक्रॉनचा राखेचा कण जमिनीवर यायला काही मिनिटे घेतो. अडीच मायक्रॉनचा कण तासभर तरंगत राहतो. बाल्कनीतली हवा स्थिर नसतेच. म्हणजे कोरडा झाडू फरशीवरची जाड, त्या मानाने कमी त्रासाची धूळ गोळा करतो आणि बारीक, जास्त त्रासाची धूळ हवेत सोडून देतो. फरशी स्वच्छ दिसते, कारण उडालेली धूळ डोळ्यांना दिसत नाही.

एखाद्या घराच्या बाल्कनीतल्या धुळीने सिलिकोसिससारखा आजार होत नाही. तो वर्षानुवर्षे दगडखाणीत किंवा तशाच कामात घालवणाऱ्यांचा आजार आहे. पण दमा, सीओपीडी किंवा हृदयविकार असलेल्या माणसाला अशी पाच मिनिटेही पुरतात. रांगणाऱ्या मुलाचे नाक तर फरशीपासून वीतभर अंतरावर असते. आणि सर्वांत जास्त धूळ खाणारी व्यक्ती बहुधा त्या घरात राहतही नाही. सहा-सात घरांची झाडलोट करणारी बाई दर घरातला हा ढग अंगावर घेत जाते. तिच्या हातात खराट्याऐवजी ओले फडके देणे हा शेजाऱ्यांच्या आधी तिच्या छातीचा प्रश्न आहे.

विदर्भात आणखी एक गोष्ट विसरली जाते. मार्च ते जून बाल्कनीत किंवा तिच्या खिडकीत कूलर असतो. कूलर बाहेरची हवा ओढून घरात फेकतो, आणि ती बाहेरची हवा म्हणजे याच बाल्कनीची. कूलर चालू असताना बाजूला खराटा फिरवला, तर धुळीला घरात जायला आयता रस्ता मिळतो. वाळ्याच्या ओल्या जाळ्या थोडी धूळ अडवतात, सगळी नाही. झाडण्यापुसण्याआधी कूलर बंद करावा, आणि खालच्या घराचा कूलर आपल्या बाल्कनीखाली असेल तर त्यांनाही एक हाक मारावी.

झाडू नको म्हणून पाइप लावून बाल्कनी धुणे हा उपाय त्याहून वाईट. जुन्या इमारतींत बाल्कनीचे पाणी बाहेर डोकावणाऱ्या छोट्या नळीतून थेट खाली पडते. काळे पाणी भिंतीवर ओघळते, खालच्यांच्या कुंड्यांत, कपड्यांत, कधी स्वयंपाकघराच्या खिडकीत जाते. शिवाय एवढे पाणी लागतच नाही. एक लिटर पाणी एक चौरस मीटरवर पसरले की एक मिलिमीटर जाडीचा थर होतो. दहा फूट बाय चार फुटांची बाल्कनी पावणेचार चौरस मीटरची. तिला अर्धी बादली पाणी पुरून उरते, आणि तेवढे पाणी फडक्याने परत उचलता येते.

गावाकडे अंगण झाडून मग सडा टाकतात. बाल्कनीत क्रम उलटा करावा. आधी नळीच्या तोंडात जुन्या कापडाचा बोळा घट्ट बसवावा. मग हाताने किंवा फवारणीच्या बाटलीने फरशीवर हलका शिडकावा करून दोन मिनिटे थांबावे. कणांच्या मध्ये पाणी शिरले की ते एकमेकांना चिकटून जड होतात आणि उडत नाहीत. मात्र कोळशाची भुकटी पाण्याला सहज दाद देत नाही. थेंब तिच्यावरून काळे होऊन घरंगळतात. म्हणून बादलीत भांडी घासायच्या द्रव साबणाचे चार-पाच थेंब टाकावेत. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि ते कोळशाला भिजवते. खाणींमध्ये धूळ दाबण्यासाठी फवारतात त्या पाण्यातही याच कारणासाठी अशी द्रव्ये मिसळतात. साबण जास्त झाला तर मात्र फेस काढायला पुन्हा पाणी ओतावे लागते आणि सगळा हिशेब फिसकटतो.

धुळीचा थर जाड असेल, तर कालच्या वर्तमानपत्राचे तुकडे भिजवून, पिळून फरशीवर पसरावेत आणि हळूच झाडूने ओढत आणावेत. (आजचा अंकही चालेल, वाचून झाल्यावर.) धूळ त्या लगद्याला चिकटून सुपलीत येते. मग भिंतीकडून दाराकडे फरशी पुसत यावे, कठड्याकडे धूळ ढकलू नये. सिमेंट कारखान्यांच्या परिसरात ओली धूळ तशीच वाळू देऊ नये. ती फरशीला घट्ट धरून बसते आणि मग खरवडावी लागते. बादलीतले गढूळ पाणी अर्धा तास ठेवले की राख तळाशी बसते. वरचे पाणी न्हाणीघरात ओतावे, तळाचा गाळ कागदात गुंडाळून कचऱ्यात टाकावा. सगळेच मोरीत ओतले तर काही महिन्यांत मोरी तुंबते.

चंद्रपूरसारख्या गावात शेजाऱ्यांना त्रास म्हणजे नुसती धूळ आणि पाणी नव्हे. वीज केंद्र आणि खाणी तीन पाळ्यांत चालतात. खालच्या घरातला माणूस रात्रपाळी करून आला असेल, तर सकाळी नऊ वाजता त्याची मध्यरात्र असते. बोलण्याचा आवाज हवेतून येतो, तो दार बंद केले की अडतो. फरशीवर ओढलेल्या कुंडीचा किंवा लोखंडी खुर्चीचा आवाज मात्र काँक्रीटच्या स्लॅबमधून सरळ खालच्या छतात उतरतो. तिथे दार-खिडक्या बंद करून उपयोग नाही. कुंडी उचलून ठेवावी. उचलत नसेल तर तिच्याखाली ओले गोणपाट सरकवून ओढावी, आवाज जवळजवळ नाहीसा होतो. कायद्याने शांततेची वेळ रात्री दहा ते सकाळी सहा असली, तरी खालच्यांची पाळी कोणती हे विचारून ठेवणे जास्त उपयोगाचे.

डाग निघत नाहीत म्हणून ॲसिड ओतणारेही असतात. शहाबादी किंवा कडप्पा फरशी चुनखडीची असते. ॲसिड तिच्यावर फेसाळते ते मळामुळे नव्हे, फरशीच विरघळत असते. त्याहून धोक्याचे म्हणजे ॲसिड आणि ब्लीच एकत्र करणे. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. तो हवेपेक्षा सुमारे अडीचपट जड असतो, म्हणजे वर न जाता खाली उतरतो. वरच्या मजल्यावर चूक झाली, की खोकला खालच्या मजल्यावर सुरू होतो.

कबुतरांची विष्ठा कधीही कोरडी खरवडू नये. तिच्या भुकटीने काहींच्या फुप्फुसांना ॲलर्जीची सूज येते, तिच्यात बुरशीही असू शकते. तोंडाला एन-९५ मास्क लावून ती साबणाच्या पाण्याने पूर्ण भिजवावी आणि कागदाने उचलावी. रुमाल बांधून भागत नाही.

पावसाळा लागला की कूलर बंद होतो, पण टाकीतले पाणी बरेचदा तसेच राहते. डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या भिंतीला अंडी चिकटवतो. ती कोरडी होऊनही काही महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आले की फुटतात. म्हणून टाकी नुसती ओतून भागत नाही, आतल्या भिंती काथ्याने घासाव्या लागतात. पाणी मिळाल्यावर अळीचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, त्यामुळे कुंड्यांखालच्या ताटल्याही आठवड्यातून एकदा कोरड्या कराव्यात. हा डास शेजारच्या घरी जायला जिना वापरत नाही.

दिवाळीच्या आधी प्रत्येक घर आपापल्या सोयीने बाल्कनी काढते, आणि पहिल्या मजल्यावरच्यांना ती चार वेळा पुसावी लागते. त्याऐवजी इमारतीने एक रविवार ठरवावा, सर्वांत वरच्या मजल्याने सुरुवात करावी आणि तासातासाने एकेक मजला खाली यावे. तळमजल्याने आपली बादली सगळ्यांत शेवटी भरावी.