एका ओळीचे ठिगळ

दिवाळी सरली की आमच्या बीड जिल्ह्यातली गावे ओस पडू लागतात. कोयत्यावर गेलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, नाही तर कर्नाटकात कोप्या घालून राहतात. मुले मागे राहतात, आजीपाशी किंवा हंगामी वसतिगृहात. अंबाजोगाईजवळच्या अशा एका वसतिगृहात एक जुना संगणक आहे. रविवारी संध्याकाळी त्याच्यासमोर मुलांची रांग लागते. तिकडे फडावर कुणाच्या तरी मोबाइलवर आई असते. प्रत्येकाच्या वाट्याला पाच मिनिटे.

गेल्या हंगामात त्या पाच मिनिटांत विघ्न आले. संगणक मध्येच झोपी गेला, की जागा झाल्यावर त्याचा कॅमेरा काही उठेना. वायर उपटून पुन्हा खोचावी, तेव्हा चित्र येई. उपटून-खोचून खाच ढिली झाली. पुण्याला इंजिनिअरिंग शिकणारी माझी भाची सुटीला आली होती. "मामा, मी बघते," म्हणाली.

तिला बघता आले, याचे कारण त्या संगणकात लिनक्स होते. १९९१ साली हेलसिंकीतल्या लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने सुरू केलेल्या या प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, कुणालाही उघडून वाचता येतो. कॅमेऱ्यासारख्या उपकरणांशी बोलणारे प्रोग्रॅम याच गाभ्यात असतात. त्यांना ड्रायव्हर म्हणतात. असे प्रोग्रॅम वाचून तपासणे हा माझा पोटापाण्याचा धंदा. म्हणून दोन दिवसांनी तिने आपला बदल माझ्यापुढे ठेवला.

तोडगा सोपा होता. संगणक जागा झाला की कॅमेऱ्याला नुसते 'ऊठ' न म्हणता पुरता नव्याने सुरू करायचा. वायर न उपटता उपटल्यासारखे! वसतिगृहात तो चालला. मी मात्र नापास केला.

"मामा, चालतंय ना! मग अडचण काय?"

अडचण अशी, की तिने हा नियम सगळ्याच कॅमेऱ्यांना लावला होता. हाच गाभा अँड्रॉइड फोनांतही असतो. जी उपकरणे धडपणे जागी होतात, त्यांना उगीच झटका कशाला? त्यातले एखादे त्यानेच बिघडायचे. एका घराचे छप्पर गळते म्हणून कुणी अख्ख्या गावाची कौले उतरवत नाही.

आणि दोष कॅमेऱ्याचाच कशावरून? तो दुसऱ्या संगणकाला लावला, वायर बदलली, त्याच बनावटीचा दुसरा नग मिळवला. सगळीकडे तेच रडगाणे. मग मार्ग मोकळा होता. प्रत्येक यूएसबी उपकरण आपली ओळख दोन क्रमांकांनी सांगते, एक बनवणाऱ्याचा आणि एक उपकरणाचा. गाभ्यात अशा हट्टी उपकरणांची एक यादीच आहे. तीत एक ओळ घालायची, बस.

कुणी विचारील, कंपनीच्या चुकीवर आपण का ठिगळ लावायचे? मलाही हा राग येतो. पण विकून झालेली वस्तू परत घडवता येत नाही. १९९७ साली पेंटियम प्रोसेसरमध्ये असा दोष सापडला, की एक विशिष्ट आज्ञा दिली की अख्खे यंत्र गोठायचे. तेव्हाही विकल्या गेलेल्या चिपा होत्या तशाच राहिल्या. लिनक्सने प्रोग्रॅममध्येच तोडगा बसवला.

भाचीने चाळीस ओळींची एक ओळ केली, पण सोबतचे टिपण मी तिच्याकडून तीनदा लिहून घेतले: काय बिघडते, कोणत्या यंत्रांवर पाहिले, हाच उपाय का. दहा वर्षांनी ती ओळ वाचणाऱ्याने तिला निरुपयोगी समजून काढून टाकू नये. २००४ पासून बदल पाठवणाऱ्याने खाली आपले नाव घालून जबाबदारी घ्यायची असते. तिचे नाव आले, त्याखाली तपासणारा म्हणून माझे.

बदल मंजूर होऊन सगळीकडे पोचायला महिने लागतात. तोवर वसतिगृहाचा संगणक सुरू होतानाच त्याला तेवढ्या कॅमेऱ्यापुरती ही सूचना द्यावी, अशी सोय आहे. ती करून दिली. पुढच्या रविवारी मध्येच वीज गेली, आली, यंत्र डुलकी काढून उठले. रांगेतल्या पोराने सवयीने वायरीला हात घातला, तोच पडद्यावर आई कोपीपुढे चूल फुंकताना दिसली. पाच मिनिटांतली तीन उरली होती.