नंदीबैलाची मान

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मोठ्या माणसांचे काही चालत नाही. तो दिवस पोरांचा. तान्हा पोळा! लाकडी बैलांच्या पाठीवर झुली चढतात, शिंगांना बेगड लागते, गळ्यात घुंगुरमाळा येतात आणि चाकांचा खडखडाट करीत गल्लीगल्लीतून वरात निघते. घरोघरी बैलाची पूजा झाली की पोरे हक्काने बोजारा मागतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांच्या काळापासून ही चाल असल्याचे सांगतात. कुणाचा बैल मुठीएवढा, कुणाचा खऱ्या वासराएवढा. मैदानात रांग लागते, सजावटीला बक्षिसे मिळतात.

२०२३ च्या तान्ह्या पोळ्याला सातवीतल्या माझ्या नातवाने जाहीर केले, "आबाजी, यंदा आपला नंदी मान हलवून दाखवणार!" माझी छाती फुगली. कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात यंत्रे सांभाळण्यात माझी ३१ वर्षे गेली. निवृत्तीनंतर घरातला मिक्सर दुरुस्त करण्यापलीकडे कुणी मला काही विचारले नव्हते. आता नातू विचारत होता.

त्याने बर्डीवरून दोन वस्तू आणल्या. एक तळहातात मावणारा आर्डुइनो बोर्ड आणि दुसरी काडेपेटीपेक्षाही लहान सर्व्हो मोटर, वजन अवघे ९ ग्रॅम. हा बोर्ड २००५ साली इटलीतल्या इव्रिया या लहानशा गावी जन्मला. तिथल्या संस्थेत डिझाइन शिकणाऱ्या, इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नसलेल्या विद्यार्थ्यांनाही स्वस्तात काही हलवता-पेटवता यावे, हा हेतू. गावातल्या ज्या बारमध्ये ही मंडळी बसत, त्याचे नाव बोर्डाला मिळाले, आणि बारला ते मिळाले होते हजार वर्षांपूर्वीच्या आर्डुइन राजाचे! बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरची स्मृती ३२ किलोबाइट. आजच्या मोबाइलवरचा एक फोटोसुद्धा तीत मावणार नाही. पण बैलाची मान हलवायला तेवढी पुष्कळ झाली.

सर्व्होची गंमत मात्र मला ओळखीची होती. साधी मोटर वीज दिली की गरगर फिरत राहते. सर्व्होला सांगावे लागते ते 'फीर' असे नव्हे, 'अमुक कोनात जाऊन थांब' असे. बोर्ड तिच्याकडे सेकंदाला ५० वेळा विजेचा एक छोटा ठोका पाठवतो. ठोका दीड मिलिसेकंदाचा असला तर मोटर मध्यावर येते, एकाचा असला तर एका अंगाला, दोनाचा असला तर दुसऱ्या अंगाला. डबीत मोटर आणि दातेरी चाके असतात, शिवाय जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करायच्या बटणामागे असे तसला एक फिरता रोध. दांडी कुठवर पोचली हे तो रोध सांगतो. आतले मंडळ हुकूम आणि मुक्काम ताडून पाहते. फरक असेल तर मोटर हलवते, फरक मिटला की थांबवते. बस्स, एवढेच.

हीच युक्ती मी कोराडीत माणसाहून उंच यंत्रांत पाहिली होती. पन्नास आवर्तनांची वीज हवी तर टर्बाइन मिनिटाला ३००० फेरे घेत राहिले पाहिजे. वेग किंचित ढळला की गव्हर्नर तेलाच्या दाबावर चालणाऱ्या सर्व्होमोटरला इशारा देतो, ती वाफेची झडप हलवते आणि झडप किती उघडली याची खबर उलट परत येते. जोसेफ फार्को या फ्रेंच अभियंत्याने वाफेवरच्या जहाजाचे सुकाणू वळवण्यासाठी असे यंत्र केले आणि १८७३ साली त्यावर पुस्तक लिहिले. 'सर्व्हो' हे नावही त्याचेच. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गुलाम.

तेव्हा मी गुलामांचा जुना मुकादम! नातवाने विचारले, "आबाजी, मोटरला वेगळी बॅटरी द्यावी लागते असं वाचलंय मी." मी हसून म्हणालो, "अरे, एवढ्याशा मोटरला कशाला वेगळी बॅटरी? बोर्डावरूनच पाच व्होल्ट घे." त्याने मान डोलावली.

टेबलावर सगळे झकास चालले. मैदानात नंदीला खरे लाकडी मुंडके बसवले, बोर्डाला ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी जोडली आणि परीक्षक समोर आले. नंदीने मानेला एक हिसका दिला आणि तो थिजला. क्षणभराने पुन्हा एक हिसका, पुन्हा ठप्प. उचकी लागल्यासारखा! पोरे हसली. नातू काही बोलला नाही. घरी येऊन त्याने बैल माळ्यावर टाकला, आणि पुढे कित्येक महिने त्याचे नावही काढले नाही.

चूक माझीच होती. ही मोटर जोर लावताना किंवा अडकली असता अर्ध्या अँपियरच्याही वर प्रवाह ओढते. त्या चौकोनी बॅटरीला तो झेपत नाही. व्होल्टेज कोसळते, बोर्ड बेशुद्ध पडतो. मोटर सैल पडली की व्होल्टेज सावरते, बोर्ड शुद्धीवर येऊन प्रोग्राम पहिल्यापासून सुरू करतो, पहिलाच हुकूम 'मान हलव' असतो, की पुन्हा बेशुद्ध. पाच व्होल्ट होते हे खरे, पण अँपियर कुठून येणार? हा प्रश्न मी नव्या पोरांना आयुष्यभर विचारत आलो होतो!

आणखी एक गोष्ट मला बोचत राहिली. सर्व्होला तीनच तारा असतात. लाल तार विजेची, तपकिरी जमिनीची, नारिंगी हुकुमाची. परत खबर आणणारी तार नसते. मुक्काम गाठला की नाही हे मोटर स्वतःशीच ताडते, बोर्डाला त्याचा पत्ताही नसतो. तो आपला हुकूम सोडत राहतो. मी त्या दिवशी बोर्डच झालो होतो. नातवाजवळ खरी खबर होती, ती यायची तार मीच तोडली.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी माळ्यावरून बैल काढला आणि म्हणालो, "तुझं बरोबर होतं, माझं चुकलं." तो जरा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मुंडकं पण जड आहे, आबाजी." हिशेब मांडला. मुंडके ३५० ग्रॅम, बिजागरीपासून भार ७ सेंटिमीटरवर, म्हणजे जोर हवा जवळजवळ अडीच किलो-सेंटिमीटर. मोटरची ताकद पावणेदोनच्या आसपास. मी मोठ्या मोटरची भाषा काढली, तर आमचे सुतार म्हणाले, "मोटर मोठी काहून घेता, काकाजी? मानेच्या मागं वजन टाका ना जी." पोटाच्या पोकळीत मान मागे वाढवून तिला लोखंडी बोल्ट अडकवले. तागडी समतोल झाली, बोटाच्या धक्क्याने मुंडके डोलू लागले.

मोटरला चार पेन्सिल सेल वेगळे दिले. मात्र दोन्हीकडची जमिनीची तार एकत्र जोडली. ती जोडली नाही तर हुकुमाचा ठोका कशाच्या तुलनेत मोजायचा हे मोटरला कळत नाही आणि ती नुसती थरथरते. मग सावनेरकडे नातेवाइकांच्या गोठ्यात नातवाला तासभर बसवले. बैल मान झटक्याने हलवत नाही, सावकाश वळवतो, थबकतो. घरी येऊन त्याने प्रोग्राम बदलला. एकेक अंश सरकायचे आणि दर अंशाला ४० मिलिसेकंद थांबायचे. पावणेदोन सेकंदांत नंदी डावीकडून उजवीकडे पाहू लागला. अगदी जित्राबासारखा!

२०२४ च्या तान्ह्या पोळ्याला बक्षीस दुसऱ्याच पोराच्या बैलाला मिळाले, त्याची झूल खरोखरच देखणी होती. पण आमच्या नंदीने संध्याकाळपर्यंत एकदाही उचकी दिली नाही आणि बोजारा भरपूर जमला.

मुकाट 'हो' म्हणणाऱ्याला आपण नंदीबैलासारखी मान डोलावतो म्हणतो. गुलामाचे नाव लावणारी ही ९ ग्रॅमची मोटर मात्र हुकूम झाल्यावरही आधी स्वतःशी ताडून पाहते. घरातल्या पोरांनी आपल्यापुढे मान डोलावली की आता मी जरा थांबतो. परवा नातवाला पुढच्या बेताबद्दल काही सुचवले, तर तो म्हणाला, "नाही आबाजी, तसं नाही चालणार."

मी विचारले, "का रे?" आणि कागद-पेन्सिल घेऊन त्याच्याजवळ बसलो.